नामदार गोखले १९१५ मध्ये गेले नसते तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९ फेब्रुवारी १९१५ च्या रात्री पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले वारले. वय ४८. ‘ते आणखी काही वर्षे राहिले असते तर’ हा विषय निघाला की उत्तर देणारा मवाळांच्या बाजूचा की टिळकांच्या, हे पहिल्या दोन वाक्यांत कळते. खाली नेहमी येणारे प्रश्न आणि माझी उत्तरे आहेत. तारखा, ठराव आणि पत्रे खरी आहेत. ‘असते’, ‘झाले असते’ अशी क्रियापदे जिथे येतात तिथून पुढे माझा अंदाज.

गोखल्यांवरच हा खेळ का? आगरकर तर त्यांच्याहून लवकर गेले.

आगरकर १८९५ मध्ये गेले, चाळिशीही गाठली नव्हती. ती हानी मोठीच, पण ते राजकीय पक्षाचे पुढारी नव्हते. टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले, असहकाराची चळवळ सुरू झाली त्याच दिवशी. त्यावर तर्क लढवणारे पुष्कळ आहेत.

गोखल्यांच्या मृत्यूची तारीख मात्र विलक्षण जागी पडली आहे. टिळक मंडालेहून सुटून आले त्याला आठ महिने झाले होते. गांधी दक्षिण आफ्रिकेचा अध्याय संपवून ९ जानेवारीला मुंबईत उतरले, त्याला सहा आठवडेही झाले नव्हते. आणि फिरोजशहा मेहता अजून जिवंत होते. ते गेले ५ नोव्हेंबर १९१५ रोजी. म्हणजे एक माणूस परतला होता, एक नुकताच आला होता, एक जाण्याच्या वाटेवर होता, आणि या तिघांशीही ज्याला बोलता येत होते तो मधूनच उठून गेला. तर्काला एवढी सोयीची तारीख आपल्या इतिहासात फारशी सापडत नाही.

पण गोखले ‘पक्षनेते’ होते का? तेव्हा पक्ष कुठे होते?

आजच्या अर्थाने नव्हते. काँग्रेस म्हणजे डिसेंबरात भरणारी सभा आणि तिच्या मधल्या काळातली पत्रापत्री. तरीही १९०७ च्या सुरत काँग्रेसनंतर, म्हणजे भर मंडपात जोडा भिरकावला गेला आणि सभा उधळली त्यानंतर, मवाळ आणि जहाल हे दोन तट पक्षांसारखेच वागत होते. मवाळांनी काँग्रेसची घटना अशी बांधून घेतली की टिळकांच्या माणसांना प्रतिनिधी म्हणून निवडून येण्याची वाटच राहू नये. पक्षात घेणे आणि पक्षाबाहेर ठेवणे यालाच राजकारण म्हणायचे असेल, तर मवाळ हा पक्ष होता आणि गोखले-मेहता त्याचे पुढारी होते.

गंमत अशी की मवाळांनी स्वतःचा वेगळा पक्ष रीतसर काढला तो नोव्हेंबर १९१८ मध्ये, मुंबईत, सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या अध्यक्षतेखाली. लिबरल फेडरेशन ते हेच. पुढाऱ्यानंतर पावणेचार वर्षांनी पक्ष.

ते वाचू शकले असते का?

मधुमेह आणि हृदयविकारातून येणारी धाप, अशी दुखण्याची जोडगोळी होती. माणसावर इन्सुलिनचा पहिला उपयोग झाला तो जानेवारी १९२२ मध्ये, टोरांटोत. तोवर पथ्य, हवापालट आणि विश्रांती, एवढेच औषध. गोखल्यांनी तिसरी गोष्ट कधी घेतलीच नाही. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा. त्याच वर्षापासून इस्लिंग्टन आयोगाचे सदस्यत्व, म्हणजे सरकारी नोकऱ्यांच्या चौकशीसाठी देशभर आणि लंडनपर्यंत फेऱ्या. १९१३ मध्ये आफ्रिकेतला सत्याग्रह पेटला तेव्हा दुखणे अंगावर काढून पैसा उभा करणे. १९१४ च्या ऑगस्टमध्ये गांधी लंडनला पोहोचले तेव्हा गोखले प्रकृतीसाठी फ्रान्समध्ये होते आणि युद्ध पेटल्याने पॅरिसमध्येच अडकले.

म्हणून गोखल्यांना ठणठणीत करून वीस वर्षे जगवणे ही लबाडी आहे. आयोगाचे काम त्यांनी १९१२ मध्येच नाकारले असते, तर काही वर्षे मिळाली असती असे मानायला जागा आहे. खालच्या सगळ्या उत्तरांत मी त्यांना १९२२ पर्यंत नेले आहे, तेही आजारी माणूस म्हणून: पुणे-मुंबई एवढीच धाव, कौन्सिलात कधीमधी भाषण, बाकी सारे पत्रांतून. (टिळकांनाही मधुमेहच होता. दोघांच्या भांडणाबद्दल लिहिणारे हे फारसे सांगत नाहीत.)

गोखले असते तर टिळक काँग्रेसमध्ये परत आले असते का?

उशिरा आले असते. गोखल्यांच्या चाहत्यांना हे उत्तर आवडत नाही, पण कागद तेच सांगतात.

१९१४ च्या अखेरीस ॲनी बेझंट यांनी समेटाची खटपट केली. डिसेंबरच्या मद्रास काँग्रेसपूर्वी त्या पुण्याला येऊन गेल्या, सुब्बाराव पंतुलूंनी टिळक आणि गोखले यांच्यात मध्यस्थी केली. घटनेतली अट सैल करून जहालांना आत घ्यायचे, एवढाच मुद्दा होता. गोखले आधी अनुकूल होते. मग टिळकांच्या बोलण्यातून त्यांचा असा ग्रह झाला की टिळकांना आत येऊन काँग्रेसचे धोरणच बदलायचे आहे, सरकारची कोंडी करण्याचा जुना मार्ग सोडायचा नाही. गोखल्यांनी पाठिंबा काढून घेतला आणि नियोजित अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसूंना तसे खासगी पत्र लिहिले. पत्रातला मजकूर मद्रासमध्ये कुजबुजीच्या रूपाने फिरला आणि समेट फिसकटला. नंतर पुण्यात टिळकांचा ‘केसरी’ आणि गोखल्यांच्या बाजूचा ‘ज्ञानप्रकाश’ यांच्यात जुंपली. गोखले गेले तेव्हा हा वाद मिटलेला नव्हता.

टिळक सिंहगडावर होते. बातमी कळताच ते खाली आले आणि स्मशानात बोलले. गोखल्यांना त्यांनी हिंदुस्थानचा हिरा म्हटले, महाराष्ट्राचे रत्न म्हटले. शब्द मनापासूनचे होते, यात मला शंका नाही. पण चितेसमोरचे शब्द म्हणजे राजकीय समेट नव्हे. गोखले जिवंत राहते तर त्याच आठवड्यात ‘केसरी’त त्यांच्यावर आणखी एक झणझणीत लेख आला असता.

प्रत्यक्षात डिसेंबर १९१५ च्या मुंबई काँग्रेसने घटना सैल केली. सनदशीर मार्गाने स्वराज्य हे उद्दिष्ट मानणाऱ्या आणि दोन वर्षे जुन्या असलेल्या संस्थांनी बोलावलेल्या सभांनाही प्रतिनिधी निवडता येऊ लागले. टिळकांना एवढी फट पुरली. वर्षभराने लखनौला ते आपले लोक घेऊन गेले आणि मांडव जिंकून आले. ही दुरुस्ती इतक्या सहज झाली याचे कारण त्याच वर्षी गोखले आणि मेहता, दोघेही गेले.

मेहता तर तसेही गेले असते ना? मग गोखले एकटे किती अडवणार?

हा प्रश्न योग्य आहे. मेहता सत्तरीचे होते आणि टिळकांना आत घेण्याला त्यांचा विरोध गोखल्यांहून कडवा होता. ते गेल्यावर गोखल्यांपुढे दोन वाटा उरल्या असत्या: मुंबईकर मवाळांचा जुना हट्ट पुढे चालवणे, किंवा बेझंटबाईंची सूचना वर्षभराने मान्य करणे. माझा कौल दुसऱ्या वाटेला आहे, पण १९१५ मध्ये नाही. बसूंना लिहिलेल्या पत्राची शाई वाळायच्या आत ते मागे फिरले नसते. दुरुस्ती लखनौत, १९१६ च्या अखेरीस झाली असती आणि टिळक प्रतिनिधी म्हणून आत आले असते ते १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसला.

मधल्या काळात टिळक गप्प बसणारे नव्हते. होमरूल लीग त्यांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात काढली, ती तशीही निघाली असती. काँग्रेसचे दार बंद असते तर ती जास्तच फोफावली असती.

लखनौ करार मग झाला असता का?

इथे तर्क उलटा फिरतो. ‘गोखले असते तर हिंदू-मुस्लिम ऐक्य अधिक भक्कम झाले असते’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याची दुसरी बाजू मांडलीच पाहिजे.

लखनौ करारात मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मान्य केले गेले. मध्यवर्ती कौन्सिलात एक तृतीयांश जागा, पंजाबात निम्म्या, बंगालमध्ये चाळीस टक्के. हिंदूंच्या बाजूने हे पचवणे सोपे नव्हते. मदनमोहन मालवीयांसारख्यांचा विरोध होता. तो विरोध थोपवला तो टिळकांच्या शब्दाने. सहा वर्षे तुरुंगात काढून आलेला, शिवजयंती आणि गणेशोत्सवाचा पुढारी सांगतो आहे की जागा द्या, म्हटल्यावर ‘हिंदूंचा घात झाला’ असे ओरडणाऱ्यांचा आवाज बसला. गोखल्यांवर मुसलमान पुढाऱ्यांचा विश्वास होता, पण घात-घात ओरडणारे गोखल्यांचे ऐकणारे नव्हते. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांत त्यांनी स्वतंत्र मतदारसंघ नाइलाजाने मान्य केले, तेव्हाच त्यांना पुष्कळ ऐकावे लागले होते.

म्हणजे गोखले जिवंत, म्हणून टिळक लखनौत बाहेर, म्हणून करार एक तर लंगडा किंवा पुढे ढकललेला. मला ही साखळी खरी वाटते. ज्यांना गोखल्यांच्या अकाली मृत्यूची हळहळ आहे आणि लखनौ कराराचे कौतुकही आहे, त्यांना दोन्ही एकदम मिळणार नाही.

जिना?

गोखले आणि जिना १९१० पासून वरिष्ठ कायदे कौन्सिलात शेजारी होते, १९१३ मध्ये दोघे बरोबर युरोपला गेले. हिंदू-मुस्लिम ऐक्याचा दूत होण्याचे गुण जिनांमध्ये आहेत असे गोखले म्हणत, आणि मुसलमानांचा गोखले व्हावे ही जिनांची आकांक्षा सरोजिनी नायडूंनी नोंदवून ठेवली आहे.

डिसेंबर १९२० मध्ये नागपूर काँग्रेसमध्ये जिना असहकाराविरुद्ध उभे राहिले तेव्हा मंडपात त्यांची हुर्यो उडवली गेली. त्यानंतर ते काँग्रेसमध्ये राहिले नाहीत. आजारी गोखले नागपूरला जाऊ शकले असते की नाही कोण जाणे, पण त्यांचे पत्र गेले असते, आणि ते पत्र वाचून दाखवले जात असताना हुर्यो उडवायला गांधींनीच मनाई केली असती. जिना त्या दिवशी एकटे पडले नसते. याच्या पुढे मी जात नाही.

म्हणजे पाकिस्तान झाले नसते?

पुढे जात नाही म्हटले ना.

गांधींचे काय झाले असते?

सगळ्यात मजेचा भाग हा आहे, म्हणून जरा सावकाश.

फेब्रुवारी १९१५ मध्ये गांधी पुण्याला गोखल्यांकडे आले. गोखल्यांची इच्छा होती की त्यांनी भारत सेवक समाजात यावे. (१२ जून १९०५ ला गोखल्यांनी काढलेला समाज. १९५० नंतर याच नावाची दुसरी संस्था निघाली, ती वेगळी.) समाजाच्या सदस्यांना मात्र शंका होती. त्यांचे आणि गांधींचे मार्ग जुळणार कसे? गांधींची १९०९ ची स्वराज्याबद्दलची पुस्तिका खुद्द गोखल्यांनाही कच्ची वाटली होती. वर्षभर हिंदुस्थानात राहिल्यावर तुम्हीच ती फाडून टाकाल, असे ते गांधींना म्हणाले होते.

गोखल्यांनी तोडगा काढला. सदस्य मान्य करोत वा न करोत, मी तुम्हाला समाजाचेच समजतो, असे गांधींना सांगितले. समाजाचे सदस्य डॉ. देव यांना बोलावून समाजाच्या वहीत गांधींच्या नावाचे खाते उघडायला लावले: आश्रमासाठी आणि सार्वजनिक कामासाठी लागेल तो पैसा यातून द्यायचा. गांधी निघायच्या सुमारास समाजाच्या अतिथिगृहासमोर छोटेखानी मेळावा ठेवला. शेंगदाणे, खजूर, ताजी फळे आणि गप्पा. गोखल्यांची खोली तिथून चार पावलांवर. चालवत नसतानाही ते आले आणि मूर्च्छा येऊन पडले. त्यांना उचलून आत नेले, शुद्धीवर आल्यावर त्यांनी निरोप पाठवला की कार्यक्रम चालू ठेवा. पुढे थोड्याच दिवसांत, गांधी शांतिनिकेतनात असताना, मृत्यूची बातमी गेली. गांधी पुण्याला परतले, समाजात येण्याचा अर्ज केला, सदस्यांत दोन तट पडलेले पाहून तो मागे घेतला.

आता ते खाते चालू राहिले असते असे धरा. मे १९१५ मध्ये अहमदाबादजवळ कोचरबला आश्रम निघाला. काही महिन्यांत एक अस्पृश्य कुटुंब आश्रमात राहायला आले आणि देणगीदारांनी हात आखडता घेतला. तिजोरीत खडखडाट झाला, तेव्हा एक शेठ मोटारीतून आले, तेरा हजार रुपयांच्या नोटा गांधींच्या हातात ठेवून गेले. गोखले असते तर हा प्रसंग घडला नसता, कारण पैसे पुण्याहून आले असते. पण पुण्याहून पैसे म्हणजे पुण्याला हिशोब, आणि हिशोब फक्त रुपयांचा राहत नाही.

समाजाच्या घटनेत ब्रिटिशांशी असलेला संबंध ही ईश्वरी योजना मानली होती. सदस्याला पाच वर्षे शिकाऊ म्हणून काढावी लागत. गोखल्यांनी गांधींना घातलेली अट त्या मानाने सौम्य होती: वर्षभर देश पाहा, जाहीर मते देऊ नका. गांधींनी ती पाळली आणि वर्ष सरताच फेब्रुवारी १९१६ मध्ये काशीला हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात असे बोलले की बेझंटबाईंनी मध्येच अडवले आणि राजेमहाराजे उठून गेले. गोखले जिवंत असते तर त्या आठवड्यात पुण्याहून एक लांबलचक पत्र निघाले असते आणि गांधींनी त्याला तितकेच लांब, नम्र, एक इंचही न सरकणारे उत्तर धाडले असते. लंडनला १९१४ मध्ये दोघांची आहारावरून चकमक झाली होती. फुप्फुसाच्या आवरणाला सूज असताना दूध घ्या म्हणून गोखले विनवत होते आणि गांधी फळांवर अडून होते. राजकारणातही तेच झाले असते.

चंपारणला, एप्रिल १९१७ मध्ये, गांधींनी जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम मोडला. तिथे डॉ. देव मदतीला गेलेच होते. गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातल्या पीकबुडीची चौकशी समाजाच्या देवधर, जोशी, ठक्कर यांनी केली. तेव्हा समाज आणि गांधी एकमेकांना पाठमोरे होते असे नाही. गोखले असते तर चंपारण बहुधा समाजाच्या नावावर जमा झाले असते. सरकारला ते जास्त अवघड गेले असते, कारण ज्या माणसाला तुम्ही आयोगावर बसवता त्याच्याच संस्थेचा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात.

मग गांधी कधी बाहेर पडले असते? १९१९ मध्ये, खटल्याविना डांबण्याची मुभा देणाऱ्या रौलेट कायद्यावर. चार वर्षांनी उशिरा, पण गुरूशी उघड मतभेद जाहीर करून. गांधींना गुरूच्या स्मृतीशी भांडावे लागले नाही, हा त्यांच्या बाबतीत गोखल्यांच्या मृत्यूचा सर्वांत मोठा परिणाम. ‘माझे राजकीय गुरू गोखले’ हे वाक्य ते आयुष्यभर म्हणू शकले ते गुरू उत्तर द्यायला नव्हते म्हणूनही.

गोखल्यांनी सत्याग्रहाला विरोधच केला असता ना?

सरसकट नाही. १९०९ च्या लाहोर काँग्रेसमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमधील हिंदी लोकांविषयीच्या ठरावावर बोलताना त्यांनी निःशस्त्र प्रतिकाराचे समर्थन केले होते: हा बचावाचा लढा आहे, नैतिक शस्त्रांनी लढायचा. त्यांच्या पक्षातल्या बहुतेकांना हे दक्षिण आफ्रिकेपुरतेच कबूल होते. मार्च १९१९ मध्ये रौलेट कायद्याविरुद्ध गांधींनी सत्याग्रहाची हाक दिली तेव्हा वाच्छा, श्रीनिवासशास्त्री आणि इतर मवाळांनी त्याविरुद्ध पत्रक काढले. कायद्याला त्यांचा विरोध होता, शास्त्रींचे कौन्सिलातले भाषण तर खणखणीत होते, पण रस्त्यावर यायचे नाही.

गोखल्यांनी त्या पत्रकावर सही केली नसती, असे मला वाटते. गांधींबरोबर उपवासही केला नसता. आणि सही न केलेला एक मवाळ पुढारी असणे यालाच महत्त्व होते. सरकारकडे ‘तुमचेच शहाणे लोक बघा काय म्हणतात’ हे हत्यार राहिले नसते.

असहकाराला मात्र ठाम नकार. शाळा-महाविद्यालये सोडा, कौन्सिलांवर बहिष्कार घाला, हे फर्ग्युसनमध्ये उमेदीची वर्षे घालवलेल्या आणि कौन्सिलात अंदाजपत्रकाची चिरफाड करून नाव कमावलेल्या माणसाला कसे पटणार? पण ते काँग्रेस सोडून गेले नसते. मवाळ १९१८ मध्ये बाहेर पडले ही त्यांची घोडचूक होती, आणि ती रोखू शकणारा एकच माणूस होता. इतर मवाळांकडे इंग्रजी भाषा होती, व्हाइसरॉयशी ओळख होती. गांधींना मान खाली घालून ऐकायला लावील असे नाते फक्त गोखल्यांकडे होते. ते असते तर मवाळ काँग्रेसमध्येच, अल्पमतात, कुरकुरत राहिले असते. माझ्या लेखी या सगळ्या तर्कातली सर्वांत भक्कम गोष्ट हीच.

त्यांच्या राजकीय मृत्युपत्राचे काय?

मुंबईचे गव्हर्नर विलिंग्डन यांनी गोखल्यांकडून सुधारणांचा किमान आराखडा मागितला होता. तो त्यांनी अखेरच्या दिवसांत पेन्सिलीने लिहून काढला. प्रांतांना स्वायत्तता, गव्हर्नरच्या सहा जणांच्या मंडळात तीन हिंदी, कायदे कौन्सिलात चार पंचमांश निवडून आलेले. केंद्रात मात्र सरकारचाच वरचष्मा. आगाखानांमार्फत हे जगासमोर आले ते ऑगस्ट १९१७ मध्ये. त्याच महिन्यात, २० तारखेला, माँटेग्यूंनी जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली, म्हणजे आराखडा छापून आला तेव्हाच शिळा झाला होता. १९१५ मध्ये गोखल्यांनी स्वतः तो मांडला असता तर चर्चा त्यावर सुरू झाली असती. सरकारने युद्ध संपेपर्यंत तो दाबून ठेवला असता, हेही तितकेच खरे.

त्यातले एक कलम वाचून हल्लीचे वाचक दचकतात: जर्मन पूर्व आफ्रिका जिंकल्यास ती हिंदी लोकांच्या वसाहतीसाठी राखून हिंदुस्थान सरकारकडे द्यावी! दक्षिण आफ्रिकेत हिंदी मजुरांचे हाल डोळ्यांनी पाहून आलेला माणूस हे लिहितो. तिथल्या आफ्रिकनांना विचारावे हे त्याला सुचलेले दिसत नाही. गोखल्यांना संत करणाऱ्यांनी हे कलम वाचून घ्यावे.

सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक पुन्हा आले असते?

नक्की. १९११ मध्ये त्यांनी ते आणले, मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी ते पडले. बडोद्यात सयाजीरावांनी सक्ती आधीच लागू केली होती, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये केली, १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांचा मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांसाठीचा कायदा झाला. १९१९ च्या सुधारणांनंतर शिक्षण प्रांतिक मंत्र्यांकडे आले. गोखले मुंबईचे शिक्षणमंत्री! प्रकृती साथ देती तर ही खुर्ची त्यांनी घेतली असती, व्हाइसरॉयच्या मंडळातली नव्हे. १९१४ मध्ये नाइटहूड नाकारलेला माणूस आहे.

ब्राह्मणेतर चळवळीवर काही परिणाम?

फारसा नाही. १९०३ मध्ये धारवाडच्या सामाजिक परिषदेत त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध केलेले भाषण आजही वाचण्याजोगे आहे. पण ब्राह्मणेतरांची तक्रार पुण्याच्या ब्राह्मणी पुढारपणाविरुद्ध होती आणि त्यात मवाळ-जहाल हा भेद त्यांच्या खिजगणतीत नव्हता. शाहू महाराजांशी बोलणे सोपे गेले असते, एवढेच म्हणता येते.

आणि ते आणखी लवकर, म्हणजे सुरतेनंतर लगेच गेले असते तर?

तर १९१२ चा आफ्रिका दौरा नाही, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत जाणारी गिरमिटियांची, म्हणजे करारबद्ध मजुरांची, भरती थांबवण्यासाठी १९१० मध्ये कौन्सिलात मांडलेला ठराव नाही, १९१३ च्या लढ्याला हिंदुस्थानातून गेलेला पैसा नाही. गांधी बहुधा आफ्रिकेतच आणखी काही वर्षे अडकून पडले असते. १९०८ ते १९१५ या सात वर्षांनी जेवढे घडवले त्याच्यापुढे पुढची काल्पनिक सात वर्षे फिकी आहेत, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

यावर कथा-कादंबरी लिहायची आहे. सुरुवात कुठून करू?

मृत्यू टळला त्या रात्रीपासून नको. तिथे औषधपाणी आणि उसासे यांशिवाय काही हाती लागत नाही. डिसेंबर १९१५ ची मुंबई काँग्रेस घ्या. मेहता जाऊन जेमतेम दोन महिने होत आहेत. अध्यक्ष सत्येंद्र प्रसन्न सिन्हा, अगदी सरकारमान्य माणूस. जिनांच्या खटपटीने मुस्लिम लीगचे अधिवेशनही त्याच शहरात, त्याच आठवड्यात. विषयनियामक समितीत घटनादुरुस्ती येते. गोखले धापा टाकत पायऱ्या चढून आलेले आहेत, कोपऱ्यात गांधी काठेवाडी पागोटे घालून गप्प बसलेले आहेत, कारण वर्ष अजून पुरे झालेले नाही. बाहेर टिळकांची माणसे निकालाची वाट पाहत आहेत. अध्यक्ष नामदारांना बोलायला सांगतात.

पात्रांच्या तोंडी आजची भाषा घालू नका, ‘मवाळ’ हा शब्द गोखल्यांच्या तोंडी तर मुळीच नको. तो त्यांच्या विरोधकांचा आहे, ते स्वतःला नेमस्त म्हणवत.